बाबांची झांज

मिलच्या साचेखात्यात मागांच्या खडखडाटानं माणसं बहिरी व्हायची. म्हणून लालबागच्या आमच्या चाळीत भजनाला बसलेले साचेवाले माझ्या बाबांच्या झांजेकडे बघून ताल धरायचे.

आता मी कॉलेजात शिकवतो की, जाळ्यातला एक नेमका बिंदू हलवला की बाकीचे आपोआप त्याच्या तालात येतात. डोंबलाचं शास्त्र! मिलच्या साहेबांना ते माझ्याआधी ठाऊक होतं. संपात त्यांनी फक्त बाबांना फोडलं. बाबा कामावर गेले, पण त्यांच्यामागून एकही जण गेला नाही.

"येतील रे, माझ्याकडे बघूनच चालतात सगळे," बाबा म्हणाले.

त्या गुरुवारी भजनात त्यांनी झांज उचलली. सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. भजन पार बेताल झालं, तरी शेवटपर्यंत कोणी डोळे उघडले नाहीत.