चित्रातलं आमचं घर

स्वातंत्र्य मिळून चार-सहा वर्षं झाली असतील. धान कापून झालं होतं, आणि नागपूरचा एक चित्रकार रेल्वेनं अर्जुनीला उतरला. बाजाराच्या रस्त्यावरच्या उन्हातल्या घरांचं तैलचित्र काढायचं म्हणाला, आणि बसायला जागा मागितली ती आमच्याच ओट्यावर!

माझे सासरे हरखले. हरखणारच की. रस्त्यापलीकडे त्यांच्या थोरल्या भावाचं घर. वाटण्या झाल्यावर दोघांनी समोरासमोर माड्या बांधल्या, आणि कोणाची देखणी यावरून बोलणंच बंद. आता नागपूरचा माणूस आपल्या दारी आला म्हणजे निकालच लागला! सासऱ्यांनी दाराला निळा रंग दिला. मी नवी सून, मला हुकूम झाला: पाहुण्याला भात गरमच वाढायचा.

आणि पाहुणा जेवायचा तरी किती, बाई! सकाळचं ऊन असेल तोवर रंगवायचा. ढग आले की कुंचला खाली आणि हा ताटावर. रंगात जवसाचं तेल घालायचा, ते पाहून सासूबाईंचा जीव कळवळायचा. "खायाचं तेल कपड्याले पाजून राहिला मेला!"

हळूहळू चित्रात घर उमटलं. थोरल्यांचं. ज्यांनी त्याला पाण्याचा पेलाही विचारला नव्हता, त्यांचा कठडा, त्यांची कौलं, आणि भिंतीवर पिवळंधमक ऊन.

सासरे म्हणाले, "हात बसवून राहिला तो. खाली कोरी जागा ठेवली हाय न, ते आपली."

सासूबाई म्हणाल्या, "घर त्याच्या पाठीमागं, अन् पाहून राहिला समोर. पाठीले डोळे हायेत काय त्याच्या?"

"तुले चित्रातलं काय समजते?"

समजत नसेल, दिसत मात्र होतं.

शेवटच्या दिवशी त्यानं त्या कोऱ्या जागेत जांभळट निळा रंग भरला आणि हात पुसले.

"अन् आमचं घर?" सासऱ्यांनी विचारलं.

"हे काय, काका! ही तुमच्या घराची सावली. हिच्यामुळंच तर समोरचं ऊन उठून दिसतं."

सासरे वाकून त्या निळ्या रंगात घर शोधू लागले. तेवढ्यात थोरले रस्ता ओलांडून आले. आपलं घर पाहून मिशीतल्या मिशीत हसले, मग खाली बोट दाखवलं. "माझ्या दारापुढं हे काळं काय गा?"

सासऱ्यांच्या जिवात जीव आला. "सावली हाय माझ्या घराची."

"पुसून टाक म्हणा ते!"

"कायले पुसन? सूर्यानं पाडली, म्या नाही."

इतक्या वर्षांनी भाऊ बोलले, ते हे. चित्रकारानं ओलंच चित्र उचललं आणि स्टेशन गाठलं. त्या दिवशी जेवायलाही थांबला नाही.

पण सासऱ्यांच्या डोक्यात ती सावली बसली. चित्रात ती रस्त्यातच थांबलेली; थोरल्यांच्या ओट्यावर पोचत नव्हती. उन्हाळ्यात त्यांनी आपल्या माडीची कौलं उतरवली, छप्पर उंच केलं, आणि रोज सकाळी उठून सावली कुठवर गेली ते पाहू लागले. अखेर गेली ओट्यापर्यंत.

दुसऱ्याच सकाळी थोरल्या सासूबाई सूप घेऊन त्या सावलीत तांदूळ निवडायला बसल्या. मला पाहून ओरडल्या, "पोरी वो, सांग तुह्या सासऱ्याले, लय बेस केलं! आता ऊन लागत नाही आमाले."

मी कशाला सांगू? सासरे माडीवर उभे राहून ऐकूनच राहिले होते.