जास्तीचा आवाज

बाबांचा हात पंपदुरुस्तीत बसलेला. चालू पंपाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगून मोकळं व्हायचं. त्यामुळे धावण्याच्या स्पर्धेआधीच्या तपासणीत लेकीच्या हृदयात जास्तीचा आवाज निघाला, तेव्हा त्यांनी तिचे बूट सरळ माळ्यावर टाकले.

"आवाज करणारं मशीन पळवायचं नसतं," एवढंच म्हणाले. लेकीने भांडी आपटून आपटून घर डोक्यावर घेतलं, पण बाबा बधले नाहीत.

हृदयाची सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झडपा ठणठणीत आहेत. रक्त जोरात वाहतं, त्याचा हा आवाज. खुशाल पळू दे तिला."

बाबांच्या गळी काही ते उतरेना. शेवटी बाईंनी आपला स्टेथोस्कोप काढून त्यांच्याच कानाला लावला. बाबांनी डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकत राहिले. ठोके एका तालात पडत होते, आणि मधे भरल्या पाइपातून पाणी जावं तशी सळसळ.

घरी आल्यावर ते माळ्यावर चढले. बुटांवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसून त्यांनी ते लेकीपुढे ठेवले.

"पाणी झकास चढतंय," ते म्हणाले. "मीच उगाच पंप बंद ठेवला."