पाच जाती आणि फोनवरचा ‘हां’

सुमनबाई, राहणार कळवणच्या पश्चिमेला डोंगराला टेकलेला एक पाडा. अन्याय यांच्यावर झाला. कधी? यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, नाशिकच्या एका प्रदर्शनात. नागलीच्या (नाचणीच्या) पापडांचा स्टॉल मांडून बसलेल्या या बाईंच्या तोंडासमोर एका गिऱ्हाइकाने मोबाईल धरला. “पाकिटावर एक नाव, वेबसाईटवर भलतंच. कुणाचा माल उचलून आणलात?” गर्दी जमली. आयोजकांनी ‘खात्री होईपर्यंत’ स्टॉल झाकायला लावला. खात्री कुणी केलीच नाही. सुमनबाई चादर घातलेल्या पापडांशेजारी संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या.

मी ग्राहकांच्या हक्कांसाठी पत्रकं काढणाऱ्या एका छोट्या गटात आहे. हे कानावर आलं तेव्हा पत्रकाचा मथळाही सुचला होता. पण म्हटलं, आधी त्या बाईंना भेटावं. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवरून सकाळची कळवण गाडी पकडली.

दिंडोरीपर्यंत द्राक्षबागा, मग टोमॅटो. वणी सोडल्यावर डोंगर एकदम अंगावर आले, देवीचा गड मात्र ढगात गडप. शेजारी सटाण्याकडच्या एक आजी होत्या. त्यांनी विचारलं, “तुनं काय काम शे तठे?” (तुझं तिथे काय काम आहे?)

“एका वेबसाईटची चौकशी करायचीय, आजी.”

“वेबसाईट? ती ते नाशिकमा राहस!” (ती तर नाशिकमध्ये राहते!)

मागची दोन बाकं हसली. मीही हसले. आजींचं म्हणणं किती खरं होतं ते कळवणला उतरल्यावर कळलं. सुमनबाईंच्या वेबसाईटवर पत्त्याचा नकाशा आहे. त्याच्या खुणेवर बोट ठेवून चालत गेले ती थेट खताच्या दुकानात.

“पापड का?” दुकानदाराने न सांगताच ओळखलं. “ताई, इथं युरिया हाय. पापड पार तिकडं, डोंगरात.”

“मग वेबसाईट करणाऱ्या कंपनीला सांगितलं नाही तुम्ही?”

“मी कशाला सांगू? फुकटात माझं दुकान दिसतंय.”

म्हणजे वेबसाईट करणाऱ्यांपैकी कुणीही, एकदाही, आपल्या गिऱ्हाइकाचं दार पाहिलेलं नव्हतं. कळवण हे गाव ऐकलं, बाजारपेठेत खूण ठोकली, काम संपलं. याला काय म्हणायचं?

जीपने पाड्यावर पोचले. दोन्ही बाजूंना हिरवीगार नागली, मध्ये चिखलाची वाट. एक चप्पल त्या चिखलाने ठेवून घेतली, ती सुमनबाईंच्या जावेने काठीने उपसून दिली. ओट्यावर पाच जाती ओळीने मांडलेली. पाच बायकांनी आपापल्या घरचं जातं उचलून इथे आणलं आणि धंदा सुरू झाला. म्हणून मालाचं नाव ‘पाच जाती’. पाकिटावर हेच नाव. वेबसाईटवर मात्र ‘ग्रॅनी अँड ग्रेन’. ग्रॅनी म्हणजे आजी. सुमनबाईंची मुलगी अजून कॉलेजात जाते.

नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची (कारळ्याची) चटणी समोर आली. जेवता जेवता मी मुद्द्याला हात घातला. “नाव बदलायला तुम्ही हो म्हणालात, असं कंपनी सांगते.”

“मी कवा हो म्हनले?”

“फोनवर. ‘हां’ म्हणालात म्हणे.”

सुमनबाईंनी कपाळावर हात मारला. “अगं, तो साहेब इंग्रजीत लय बोलत हुता. ब्रँड काय, मार्केट काय. समोरचा बोलतो तवा हां-हां करावं लागतं ना? नायतर त्याला वाटंल फोन कटला!”

माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, मोर्चा काढू, कंपनीच्या दारात बसू.

“तू लय वरडती, पोरी. मोर्चा कशाला? मी गिऱ्हाईक हाय. दुकानात जाऊ.” मग आवाज खाली आला. “नवरात्रात नांदुरीला, गडाच्या पायथ्याशी स्टॉल लावायचाय. तिथं परत कुनी चोर म्हनलं, तर या बाकीच्या चौघी आपली जाती उचलून घरी नेतील. मी कुनाला धरून ठिवू?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नाशिकला, गंगापूर रोडवरच्या त्या कंपनीत. काचेची दारं, कुंडीत प्लॅस्टिकचा बांबू. आमच्या आधी एक बिल्डर आत गेले होते. “या सर, कॉफी सर, हे तीन नमुने बघा सर.” आमची पाळी आली तसे मालक, सगळे त्यांना निखिलसर म्हणतात, हात पसरून म्हणाले, “या मावशी! काय म्हणतो पाऊस?”

“मावशी नाय. गिऱ्हाईक.” सुमनबाई खुर्ची ओढून बसल्या. “त्या सायबाला तीन नमुने दावले. मला एक तरी दावला का?”

निखिलसरांनी समजावायला घेतलं. ‘जाती’ शब्द वाचून लोकांना जातपात आठवेल, शहरातलं गिऱ्हाईक बिचकेल, म्हणून नाव बदलायचा निर्णय घेतला. आता ही शंका खोटी नाही. शब्द आहेच तसा. पण शंका आली की ती विचारायची असते! एका जात्याचं चित्र टाकलं असतं तरी भागलं असतं. ते सुमनबाईंनी लगेच सुचवलंही असतं, पण त्यांना विचारलं कुणी?

“तुम्ही मंजुरी दिली होती ना पण,” निखिलसर म्हणाले. मग त्यांनी नवी योजना मांडली. वर ग्रॅनी, खाली बारीक अक्षरात पाच जाती, असं काहीतरी लांबलचक.

सुमनबाई मान हलवत होत्या. “हां... हां... हां...”

“मग फायनल?”

“काय फायनल? मी ऐकत हुते.”

कोपऱ्यातली कॉम्प्युटरवरची मुलगी फिस्सकन हसली आणि खोकल्याचं नाटक करू लागली. मला राहवलं नाही. “सर, तुमचं गाव कुठलं?”

“सायखेडा.”

“तिथे फोनवर बायका काय म्हणतात?”

 “आमची आईपण हां-हांच करते,” असं काहीसं ते पुटपुटले.

म्हणजे माहीत होतं! इंग्रज साहेबाला कळलं नसतं, तर एक वेळ समजून घेतलं असतं. गोदाकाठच्या मराठी माणसाला ‘हां’ म्हणजे होकार नव्हे हे पक्कं ठाऊक होतं, आणि सोयीचं होतं म्हणून त्याने तो होकार धरला.

वेबसाईटवर ‘पाच जाती’ हे नाव आमच्यासमोर परत लागलं. त्या खोकणाऱ्या मुलीने सुमनबाईंना वाट विचारत विचारत नकाशाची खूणही पाड्यावर नेली. पण सुमनबाईंनी आणखी एक मागितलं. पहिल्या पानावर एकच ओळ: नाव आमच्या चुकीने बदललं होतं, माल यांचाच आहे.

“बघतो.”

“बघू नका, लिवा.”

“कंपनीच्या इमेजचा प्रश्न येतो...”

इथे मी जो आवाज चढवला, तो खाली रस्त्यावर गेला असणार. सीबीएसवर गाडीत चढताना सुमनबाईंनी मला सुनावलं, “तू थोडी गप बसली असती तं त्यानं लिवलं असतं.” असेलही. हे लिहीत असताना ती ओळ लागलेली नाही, आणि नवरात्र तोंडावर आलंय.

घरी आल्यापासून तो ‘मावशी’ शब्द डोक्यातून जात नाही. मोठ्या गिऱ्हाइकाला ‘सर’ म्हणायचं आणि नमुने दाखवायचे. लहान गिऱ्हाइकाला नातं चिकटवायचं आणि तिच्या वतीने परस्पर ठरवून टाकायचं. हा जिव्हाळा नाही. घरच्या बाईला कोण विचारतं, ही जुनी सवयच एसीत येऊन बसली आहे.

तुम्ही वेबसाईटी करता? छपाई करता? दुसऱ्याच्या नावाला हात लागेल असं कुठलंही काम करता? मग उद्या ऑफिस उघडल्यावर आधी तुमच्या सगळ्यात लहान गिऱ्हाइकाला फोन लावा. आपलं काय ठरलंय ते तिला तिच्या शब्दांत सांगायला लावा. आणि तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत तोंड बंद ठेवा.