बैलाचा खांदा आणि क्ष

माझ्या नाकावर राग असतो, हे अमरावतीत पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना कळलं. पुण्याहून मास्तर होऊन आलो होतो, बीजगणित शिकवायचं होतं, आणि समोर मुलंच टिकत नव्हती. सातासमुद्रापलीकडे कुठंशी लढाई जुंपली होती, त्यामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. ज्याच्या घरी गाडी, तो पोराला शाळेतून उठवून गाडीवर बसवायचा.

भातकुलीकडचं एक पोरगं माझं फार लाडकं होतं, कारण ते माझ्याशी भांडायचं. फळ्यावर क्ष लिहिला की विचारायचं, "मास्तर, जे मालूमच नाही ते लिवाचं कावून?" मी खेकसायचो, ते हसायचं. त्याचा बाप आता त्यालाही शाळेतून काढून कापसाच्या गाडीवर अकोल्याच्या बाजाराच्या वाटेला लावणार, असं कानावर आलं, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्याच सुमारास ते एकदा रडवेलं होऊन आलं. त्यांच्या पांढऱ्या बैलाचा खांदा सुजला होता, जू ठेवू देईना. मी जाऊन गाडी पाहिली. कापूस महागल्यापासून लोकांनी एकच धसका घेतला होता. गाडी उलाळली, म्हणजे मागे कलंडली, तर माल मातीत जाईल, म्हणून जो तो गाठोडी पुढे रेटायचा. ते सगळं ओझं जुवातून बैलाच्या मानेवर यायचं.

दुसऱ्या दिवशी वर्ग अंगणात नेला. विटेवर फळी आडवी ठेवली. एका टोकाला वर्गातला गलेलठ्ठ, दुसऱ्या टोकाला काडीपैलवान. काडीपैलवान वरच लटकला. मग गलेलठ्ठाला विटेकडे सरकवत नेलं, तशी फळी सपाट झाली.

"ओझं गुणिले अंतर, दोन्हीकडे सारखं," मी म्हणालो. "वीट म्हणजे गाडीचा आस. पुढची गाठोडी कुठे आहेत ते ठाऊक आहे. मागची कुठे ठेवायची ते ठाऊक नाही. ते अंतर म्हणजे क्ष."

पोरगं पहिल्यांदाच न भांडता पुढे सरकलं. पाटीवर समीकरण मांडलं, सोडवलं. बैलाला हळद लावून, विसावा देऊन बरं केल्यावर बापाशी हुज्जत घातली आणि गाठोडी त्या अंतरावर बांधली. तोल जरासा पुढे राहील, इतपतच. बाप म्हणाला म्हणे, "उलाळली त तुलेच जुंपतो."

बापलेक अकोल्याला जाऊन परतले. गाडी उलाळली नाही, बैलाचा खांदा पुन्हा सुजला नाही. बाप शाळेत आला, पायरीशी वहाणा काढल्या.

"मास्तर, लय भारी हिसाब हाये तुमचा. आता पोरगं मले गाडीवरच पाह्यजे. दर खेपेले माल बदलते, हिसाब कोन करन?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. माझा तोल गेला.

"भाऊ, बैलाच्या मानेवर ओझं नको म्हणून एवढी धडपड केलीत, आणि पोराच्या मानेवर खुशाल जू ठेवता? त्याच्याइतकं डोकं या वर्गात दुसऱ्या कुणाचं नाही. मला ते पोरगं हवंय."

तो पायरीकडे वळला. रागावला असेल असं मला वाटलं.

"मंग तो हिसाब मलेच शिकवा," तो म्हणाला. "पोरगं राहू द्या तुमच्यापाशी."

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. पागोटं सांभाळत शेवटच्या रांगेत मांडी घालून बसला. मी फळ्यावर क्ष लिहिला. त्याने मान खाजवली.

"मास्तर, जे मालूमच नाही ते लिवाचं कावून?"

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मी खेकसायला वळणार, एवढ्यात पहिल्या रांगेतलं ते पोरगं मागे वळलं.

"बाबा, लिवल्याबिगर ते सापडन कसं?"