बदकांच्या आधीची चूळ

पाण्याची चव कळणारी माणसं पुष्कळ असतात. पण बदकांच्या पोहण्याच्या पाण्याची रोज चूळ भरून परीक्षा घेणारा माणूस अख्ख्या पृथ्वीतलावर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे हे भाऊजी जऊळक्याला रेल्वेत गँगमन होते. दिवसभर रुळाखालची खडी ठोकायची आणि घरी आल्यावर बदकांचं टाकं घासायचं, हा त्यांचा एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपासचा दिनक्रम. बदली होऊन गेलेल्या एका सोबत्यानं जाताना चार बदकं त्यांच्या पदरात टाकली होती. दुसऱ्या कोणी ती आठवडाभरात रश्श्यात पोचवली असती. भाऊजींनी परसात खड्डा खणला, विटा लावल्या, सिमेंटचा गिलावा केला आणि तळाला असा बारीक उतार दिला, की चिंध्यांचा बोळा ओढताच सगळं पाणी आपसूक वांग्यांच्या वाफ्यात जावं. तो उतार त्यांनी जमिनीला गाल लावून, एक डोळा मिटून ठरवला होता. रूळही म्हणे तसाच बघतात.

बदक हा दिसायला सोज्वळ प्राणी, पण उतरल्यापासून दहा मिनिटांत पाण्याची कढी करतो. त्यामुळे टाकं रोज रिकामं, रोज घासलेलं, रोज नव्यानं भरलेलं. भरून झालं की भाऊजी ओंजळीनं तोंड धूत, चूळ भरत, आभाळाकडे बघत ती गालात घोळवत आणि थुंकून म्हणत, "हं, जाऊ द्या त्यायले." मग ती चार बदकं मांडवात शिरणाऱ्या विहिणींसारखी डुलत डुलत टाक्यात उतरत.

"भाऊजी, बदकांना काय कळतंय?" मी एकदा विचारलं.

"ज्या पान्यानं मी तोंड धूत नाही, त्यात त्यायनं काहून उतरावं?"

बी.ए.ला असले प्रश्न विचारत नाहीत. मी तेव्हा बी.ए.ची परीक्षा देऊन, निकालाची वाट बघत ताईकडे मुक्काम ठोकला होता. निकाल काय लागणार हे मला आधीच ठाऊक असल्यामुळे घाई अशी नव्हती.

त्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला. बायका पहाटेपासून घागरींची रांग लावून बसत आणि घागरभर पाण्यासाठी एकमेकींची सात कुळं उद्धरत. अशात शेजारच्या काकूंना आमच्या कुडावरून बदकं डुंबताना दिसली, की झालंच. "बाप्पा, मानसाले प्याले पानी नाही, अन् इथं पाखरायच्या आंघोळी चालून राह्यल्या!"

ताईला ते लागलं. टाक्याच्या काठावर बसून तिनं निकाल दिला, "ऐका. विहिरीचा एक थेंब जरी इथं पडला तं मी माहेरी जातो. नाही तं हे बदकं इकून टाका." धमकी भाऊजींना होती, पण खरी अडचण माझी होती, कारण ती गेली असती तर भाकरी थापायला उरलो असतो मीच.

"विहिरीचा नाही न? बरं," भाऊजी म्हणाले. त्यांनी सायकलला तेलाचे दोन रिकामे डबे बांधले आणि सायकल माझ्या हाती दिली. "जाय बी.ए. कुठूनबी आन, पन नितळ आन."

नदी दोन मैल होती, म्हशींचं डबकं अर्ध्या मैलावर. माझ्या शिक्षणानं ताबडतोब आपलं काम केलं. धोतराची चार पदरी घडी करून मी ते पाणी दोनदा गाळलं. दिसायला अगदी काचेसारखं! भाऊजींनी चूळ भरली, आभाळाकडे पाहिलं, आणि गाल मध्येच थांबले.

"म्हैस," ते थुंकून म्हणाले. मग जरा विचार करून, "दोन असतीन."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फावडं आणि घमेलं उचललं आणि ते नदीकडे चालू लागले. लाजेनं मीही मागोमाग. कोरड्या पात्रात इकडे तिकडे वाळूला हात लावून त्यांनी एक जागा धरली आणि खणायला सुरुवात केली. छातीभर खोल गेल्यावर झिरा लागला. तीनदा गढूळ पाणी उपसून टाकलं, चौथ्यांदा तळाची वाळू दिसायला लागली. भाऊजींनी चूळ भरली आणि पहिल्यांदाच ती न थुंकता गिळली.

दुसऱ्या दिवशी आम्ही झिऱ्यावर असतानाच गावाला पत्ता लागला. आधी आमच्या वस्तीतल्या बायका आल्या, मग वरच्या आळीतल्याही. सगळ्यांत मागे काकू, घागर पदराआड धरून. "भाऊ, एक घागर वतता का?"

"मी नाही वतत," भाऊजी म्हणाले.

मला वाटलं, आता कुडावरच्या टोमण्यांची परतफेड होणार.

"खाली उतरा अन् आपल्या हातानं घ्या. इथं कोनी कोनाले वतायचं नाही. बदकं थांबतीन."

परतताना ते सायकलच्या बाजूनं चालत होते. आपणहून बोलले. "धम्म घेतला त्याच्या आंधीची गोष्ट हाय. आमी लहान पोरं विहिरीखाली मडकं घेऊन बसो. वरतून कोनी वतन तवा पानी. वतनारे वाईट नव्हते रे. पन वाट पाहा लागे. एक दिवस दम निघाला नाही, तं ढोरायच्या टाक्यातलं पेलो." मग हसले. "म्हनून तं तुही म्हैस वयखली!"

त्या संध्याकाळी ताईनं झिऱ्याच्या दोन घागरी आणल्या. एक घरात ठेवली. दुसरी टाक्यात ओतली, आणि भाऊजींकडे न बघता म्हणाली, "घ्या, भरा तुमची चूळ."

आता गावात नळ आलाय. बदकं केव्हाच गेली, भाऊजी थकले, त्यांना ओंजळ धरवत नाही. टाकं मात्र रोज घासलं आणि भरलं जातं, चिमण्यांसाठी. मी मुक्कामाला असलो की आधीची चूळ माझ्याकडे असते. साठीकडे झुकलेला मी आभाळाकडे बघत गाल हलवत उभा राहतो, आणि खाटेवरून आवाज येतो, "काय रे बी.ए., म्हैस तं नाही न?"

"नाही, भाऊजी."

"मंग बाजूले सरक. खोळंबले असतीन पाखरं."