घाट आमच्याकडचाच होता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. शाळेत तर कुणालाच नाही. चूक माझी होती — नाही, चूक म्हटलं की नकळत घडल्यासारखं वाटतं. मी खोटं बोललो. ठरवून, शांतपणे, चहा पीत. आणि कशाबद्दल? एका सिनेमाचं शूटिंग कुठं झालं, याबद्दल. तुम्हाला हसू येईल. मीही इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आलो — एवढ्याशा गोष्टीनं कुणाचं काय बिघडतं?

मी सोलापुरात भूगोल शिकवतो. सिनेमात दिसलेली ठिकाणं शोधून काढायचा मला नाद आहे. नायक-नायिका काय करतात याकडं माझं लक्ष नसतं, मी त्यांच्या मागचं बघतो. डोंगराची सोंड, देवळाचा कळस, मातीचा रंग, सावली कुठल्या बाजूला पडलीय. चित्र थांबवायचं, फोनमधल्या नकाशाशी ताडून बघायचं आणि जमलं तर गाडीवर टांग टाकून थेट जायचं. इथल्या एका पेपरात रविवारी मी यावर लिहायचो. भाजी घेताना लोक ओळखायचे. असल्या छोट्या ओळखीची माणसाला किती चटक लागते, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

एक सिनेमा आहे. नाव सांगत नाही, पण तुम्ही तो पाहिलेला आहे. त्यात नायिका नदीच्या घाटाच्या पायऱ्या उतरत येते, मागं बायका धुणं धूत असतात. हा घाट वाईचा, असं मी पेपरात छापून मोकळा झालो होतो. सगळे तेच म्हणायचे. तिकडं इतके सिनेमे झालेत की घाट दिसला की माणूस वाई म्हणतो. मी तपासलं नव्हतं. हे एवढंसं वाक्य लिहायलाही अजून जड जातं — मी तपासलं नव्हतं.

मल्लिनाथ सर आमच्याच शाळेत गणित शिकवायचे. राहायला शुक्रवार पेठेत. घरात कन्नड. त्यांच्या आईला तर कन्नडशिवाय काही येतच नव्हतं. माझा लेख वाचून ते स्टाफरूममध्ये माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, हा घाट आमच्या गावचा आहे. अक्कलकोटच्या पुढं, सीमेजवळ त्यांचं गाव होतं. होतं म्हणजे, नंतर ते धरणाच्या पाण्यात गेलं. शूटिंग आलं तेव्हा ते अगदी लहान होते. त्यांची मोठी बहीण घाटावर धुणं धूत होती आणि हे पाण्याकडं निघाले होते. तिनं हाक मारली, 'तम्मा!' कन्नडमध्ये धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. दिग्दर्शकाला म्हणे घाटावरचा खरा गोंगाट हवा होता, म्हणून त्यानं त्या दृश्यात आवाज तसाच ठेवला. सिनेमात ती पाठमोरी दिसते, क्षणभरच, आणि हाक ऐकू येते.

पुढच्या वर्षी ती तापानं गेली. तिचा फोटो नव्हता. त्या घरात तेव्हा फोटो कोण काढणार? टीव्हीवर तो सिनेमा लागला की आई — सर तिला अव्वा म्हणायचे — जवळ सरकून बसायची, तेवढी हाक ऐकायची आणि उठून जायची. बाकीचा सिनेमा तिला कळायचाच नाही.

हे सगळं ऐकून मी काय करायला हवं होतं? माझ्या जागी तुम्ही असता तर म्हणाला असता, चला, बघू या. मीही बहुतेक तसंच म्हणालो असतो. पण मल्लिनाथ सर पुढं सगळ्यांसमोर, हसत म्हणाले, "सर, तुमचे डोळे लई तेज आहेत की. कानाचं काय?"

सगळे हसले. कुळकर्णी सरांनी टेबलावर थाप मारली. बस, एवढंच. त्यांच्या बोलण्यात विष नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी म्हणालो, सिद्ध करा. मग रोज मधल्या सुट्टीत मी सावल्या, कोन, पायऱ्यांची घडण असलं काही काढायचो आणि ते गप्प ऐकून घ्यायचे. गणिताचा माणूस. आपल्याला हवं म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. हळूहळू त्यांना स्वतःच्या आठवणीची शंका यायला लागली. मला ते दिसत होतं. बरंही वाटत होतं — हो, बरं वाटत होतं.

त्या वर्षी पाऊस झालेला नव्हता. एप्रिलात धरण तळाला गेलं आणि जुनं गाव उघडं पडलं, घाटासकट. मला वाटलं, आता हे धावत जातील. ते माझ्याकडं आले. "मी गेलो तर मला पाहिजे तेच दिसेल," ते म्हणाले. "तुम्ही जा, सर. तुम्ही म्हणाल ते मला मान्य."

ज्याच्याशी वाद चाललाय त्यालाच माणूस न्यायाधीश नेमतो, असं कधी पाहिलंय तुम्ही?

मी रविवारी गेलो. गाळाला भेगा पडलेल्या, पायाखाली शिंपले कडकड मोडत होते. घाटाच्या मधोमध एक गोल बुरूज होता आणि त्याच्या अंगात लोखंडी कडी. मी फोनवर तेच दृश्य थांबवून समोर धरलं. बुरूज तोच. कडी तीच. पायऱ्या जिथं डावीकडं वळतात ती जागाही तीच. शेरडं घेऊन एक म्हातारा उभा होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "व्हय की, शूटिंग हितंच झालंतं. आमाला केळी वाटलेली."

मग मी कानात इयरफोन घालून तिथंच पायरीवर बसलो. नीट ऐकलं. पुन्हा ऐकलं. तम्मा. शेवटचा 'मा' वर जातो, घाबरल्यासारखा. पोर पाण्याकडं निघालंय आणि बहिणीच्या हातात ओलं धुणं आहे — डोळे मिटले तरी दिसत होतं.

खरं सांगू? पहिल्यांदा मला आनंदच झाला. ठिकाण सापडलं की होतो तसा. मी फोटो काढले. आणि मग मला पेपरातला माझा लेख आठवला, टेबलावरची ती थाप आठवली. परतताना अक्कलकोटला चहाला थांबलो आणि तिथं बसून एकेक फोटो पुसून टाकला. खोटं नीट जुळवायला लागतं. सोलापूर येईपर्यंत माझं जुळलं होतं.

सोमवारी सकाळची शाळा होती. चहा आला. मी म्हणालो, घाट आहे, पण सिनेमातला नाही. बुरूजच नाही तिथं. आणि ती हाक? ते 'तम्मा' नव्हेच. शूटिंगवाल्यांची कुणी बाई गावकऱ्यांना अडवतेय, 'थांबा' म्हणून. आपल्याकडं थांबाला तांबा म्हणतातच की. तुम्ही कन्नड कानानं ऐकलंत, म्हणून तुम्हाला तम्मा ऐकू आलं.

मला कन्नड येत नाही. तरीही मी हे बोललो, आणि सगळ्यांना ते पटलं.

मल्लिनाथ सरांनी एवढंच विचारलं, "नक्की ना, सर?"

"नक्की," मी म्हणालो आणि चहाचा घोट घेतला.

त्यानंतर ते तासाला उठले की कुळकर्णी सर मागून म्हणायचे, "मल्लिनाथ सर, तांबा." हशा. कधी गॅदरिंगला, कधी शाळा सुटताना जिन्यात. पुढं पुढं ते पोरांपर्यंत गेलं. फळ्याकडं तोंड करून ते गणित मांडत असताना मागच्या बाकांवरून बारीक आवाज यायचा — तांबा. सरांनी कधी मागं वळून पाहिलं नाही. मी हसायचो. एकदा, कुळकर्णी सर रजेवर होते, तेव्हा मी स्वतः म्हणालो. हे मला टाळता आलं असतं इथं लिहायचं, पण मग हा कबुलीजबाब कसला?

आणि हेही सगळ्यात वाईट नाही.

त्यांची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून मी बघायला गेलो होतो. ती बाहेरच्या खोलीत कॉटवर होती. सरांनी चहा आणला आणि सहज सांगितलं, आईला सांगून टाकलं, ती आपली अक्का नव्हे म्हणून. खोट्याला किती दिवस धरून बसायचं. पहिल्यांदा ती ऐकेना. मग माझं नाव सांगितलं, शिकलेला माणूस स्वतः जाऊन बघून आलाय म्हणून, तेव्हा ऐकलं. आम्ही बोलत असताना समोरच्या टीव्हीवर तोच सिनेमा लागला होता — योगायोग म्हणा. नायिका पायऱ्या उतरायला लागली तशी म्हातारीनं मान भिंतीकडं वळवली. हाक झाली. मी ऐकली. सरही ऐकत होते. म्हातारी भिंतीकडंच बघत राहिली.

त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. एक. मी चहा संपवला, कप फरशीवर ठेवला आणि काळजी घ्या म्हणून उठलो.

पुढं ती गेली. मी मातीलाही गेलो. लोक हळूहळू पांगले, मल्लिनाथ सर एकटे उभे होते, आणि मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काय होतं माझ्या त्या हातात? अजून मला त्याचा राग येतो.

मग वर्षं गेली. सर निवृत्त झाले. आता तो सिनेमा साफसूफ करून नव्यानं फोनवर आलाय, आवाज लख्ख. माझी मुलगी बंगळुरात नोकरी करते, ती सुट्टीला आली होती आणि स्वयंपाकघरात बसून तोच बघत होती. म्हणाली, बाबा, ही बाई तम्मा म्हणतेय ना? मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्याच आठवड्यात मी शुक्रवार पेठेत गेलो. मन खाऊ लागलं म्हणून गेलो, की आता कुणालाही ते ऐकू येईल म्हणून? मला सांगता येत नाही. चांगलं कारण निवडण्याचा हक्क माझ्याकडं उरलेला नाही.

मी सगळं सांगितलं. बुरूज, कडी, पुसलेले फोटो. सर गप्प ऐकत होते, पूर्वी सावल्यांचे कोन ऐकायचे तसेच. शेवटी एवढंच विचारलं, "अव्वा होती तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

मग ते म्हणाले, "मला कशाला सांगता? तिला सांगा."

भिंतीवर आईचा फोटो होता, काचेवर विभूतीची बोटं ओढलेली. मी उठलो, हात जोडले आणि 'आई' म्हणून सुरुवात केली. त्यांनी मला थांबवलं. "तिला मराठी येत नव्हतं, सर."

मी म्हणालो, मला कन्नड येत नाही.  मग सर कच्च्या पोराला पाढा सांगावा तसे एकेक शब्द सांगू लागले. ना म्हणजे मी. हेळिदे म्हणजे बोललो. सुळ्ळ म्हणजे खोटं. तप्पातु म्हणजे चुकलं.

"अव्वा, ना सुळ हेळिदे," मी म्हणालो.

"सुळ नाही," ते म्हणाले. "सुळ्ळ. परत म्हणा."

"अव्वा, ना सुळ्ळ हेळिदे. तप्पातु."