नानाजी मापारी आणि साडूची डिक्की

कारंज्याच्या धान्य बाजारात नानाजी मापाऱ्याच्या हाताचा मोठा दबदबा होता. पोत्याचे कान धरून त्यानं ते जमिनीवरून जरासं उचललं की वजन सांगून मोकळा व्हायचा, आणि काट्यावर चढवल्यावर पोतं तेवढंच भरायचं. मापात त्यानं कधी कुणाला दाबलं नाही, म्हणून शेतकरी त्याच्यावर विश्वास ठेवून बिडी ओढत बसायचे. माणूस सरळ होता. खोड एकच होती. बाजार उठला, काटा गुंडाळून ठेवला, तरी याचं जोखणं काही थांबत नसे. दुसऱ्याच्या पदरात काय पडलं हे तो घरी जाताना, जेवताना, निजताना मनातल्या मनात तोलत राहायचा. शेजाऱ्यानं घरावर नवे टिन टाकले तर नानाजीला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. सोबतच्या मापाऱ्याच्या मुलाला नोकरी लागली तेव्हा पेढा तोंडात टाकून हा गृहस्थ म्हणाला, "साखर बारीक हाय." अभिनंदन म्हणून एवढंच.

पण ही सगळी किरकोळ धग. खरी आग एकच होती आणि तिचं नाव देवमन.

देवमन म्हणजे त्याचा साडू. नानाजीची बायको तुळसाबाई ही जऊळक्याच्या पुंजाजीची थोरली लेक, आणि देवमनची लिलाबाई धाकटी. लिलाबाईचं लग्न होईपर्यंत त्या घरात जावई म्हणजे नानाजी. स्टोव्ह पेटत नाही? राहू द्या, नानाजी येतीलच पोळ्याला. पेटीचं कुलूप अडकलं? हात लावू नका, नानाजी पाहतील. सासू सोजरबाई त्याच्या हाताचं कौतुक सगळ्या आळीला ऐकवायची, आणि नानाजी ऐकू न आल्यासारखं करून शब्द न् शब्द ऐकायचा. मग आला देवमन. शेलूबाजारला बियाण्याचं दुकान, हसरा चेहरा, मोकळं बोलणं. स्क्रू कोणीकडे फिरवला की घट्ट होतो हेही त्याला ठाऊक नव्हतं, तरी तो दारात आला की घर उजळायचं. सासरा पुंजाजी एरवी घुम्या, तोसुद्धा या धाकट्या जावयाशी बोलताना हसायचा. नानाजीला ते हसणं फार लागायचं. आपल्याशी बोलताना हा म्हातारा इतके दात दाखवतो का, याचा हिशोब तो दर भेटीत करायचा, आणि दर भेटीत हिशोब त्याच्या विरोधात जायचा.

सत्त्याहत्तर साली श्रावण अधिक आला. धोंड्याचा महिना. जावयांना बोलावून पाय धुवायचे, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं, ही घरोघरची चाल. पुंजाजीच्या घरी तिला एक शेपूट होतं. वाणाचं पितळी ताट कोऱ्या खणात बांधून द्यायचं, आणि जावयानं ते आपल्या घरी देवापुढं नेऊनच सोडायचं. वाटेत गाठ सोडायची नाही. आत काय आहे ते देणारीला आणि देवाला माहीत. जावई एकच होता तोवर नानाजीला ही रीत फार आवडायची.

नानाजी आणि तुळसाबाई एसटीनं आले, चिखल तुडवत. अंगणात पाय ठेवला तर समोर मोटारगाडी उभी. अकोल्याच्या कुण्या डॉक्टरनं वापरून सोडलेली जुनी अँबेसिडर, पण मोटार ती मोटार. देवमन तिच्या टपावर हात ठेवून उभा होता आणि पुंजाजी धोतराच्या सोग्यानं काच पुसत होता. सासऱ्यानं आपल्या छत्रीला तरी कधी हात लावला का, असं नानाजीच्या मनात आलं. मग त्याची नजर मागे गेली आणि जिवाला जरा थंडावा मिळाला. गाडीच्या डिक्कीला चऱ्हाट बांधलं होतं.

"डिक्की लागत नाई वाटते," तो म्हणाला.

"नाई ना, साडभाऊ," देवमन हसत म्हणाला. "खड्ड्यात गाडी आदळली का झाकण उघडते. मिस्तरी म्हने पुरं लॉकच बदला लागते. मी म्हनलं, दोरीनं चालून राह्यलं तं चालू द्या."

त्या हसण्यानं नानाजीचा थंडावा गेला. वस्तू मोडकी असून माणूस सुखी असतो, हे त्याला कधी सहन झालं नव्हतं.

दुपारी जेवणं झाली. सोजरबाईनं दोघांचे पाय धुतले, ओवाळलं आणि दोन ताटं आणून दिली. आधी नानाजीला, थोरला म्हणून. त्यानं ताट हातात घेतलं आणि न ठरवताच हातानं आपलं काम केलं. इतकं इतकं भरलं. मग देवमनला दिलं. देवमननं दोन्ही हात पुढं केले, ताट घेतलं, आणि नानाजीनं डोळ्यांनी पाहिलं की त्याचे हात खाली गेले. जरासेच, पण गेले.

झालं. पुरणाचा धोंडा नानाजीच्या छातीत अडकून बसला.

"तुळसा, आपलं ताट हलकं हाय," तो ओसरीच्या कोपऱ्यात बायकोला म्हणाला.

"हलकं कायचं जी? चांगलं भरलेलं हाय."

"त्याचं जड हाय. मी पाह्यलं."

तुळसाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि भांडी घासायला निघून गेली.

देवमननं आपलं ताट डिक्कीत ठेवलं आणि चऱ्हाट आवळू लागला. पुंजाजीला ते पटेना. "जवाई, दोरी तुटली तं वाण रस्त्यावर पडन," तो म्हणाला. "अपशकून होईन बापा."

नानाजी पुढं झाला. "बदला कायले लागते लॉक? मी पाह्यतो. तुमी पडा सारे घडीभर. ताट राहू द्या आतच, माह्यं काम झाकणाचं हाय."

सोजरबाईचा चेहरा फुलला. सगळे आत जाऊन लवंडले. अंगणात उरले नानाजी, मोटार आणि ते ताट.

त्याच्या मनात पाप होतं, पण हातात काम आलं की हात आपल्या वळणावर जायचे. त्यानं आधी झाकणाच्या आतल्या बाजूचे स्क्रू काढून कुलपाचा खटका बाहेर घेतला. वर्षांची धूळ आणि ग्रीस त्यात गोठून घट्ट झालं होतं. चिंधी घासलेटात बुडवून त्यानं तो कोरून कोरून साफ केला. खटका हलू लागला, पण परत जागेवर येईना. तेव्हा कळलं की स्प्रिंगच्या टोकाची आकडी तुटली आहे. स्प्रिंग धड होती. त्यानं पकडीनं शेवटचा वेढा ओढून त्याचीच नवी आकडी वळवली आणि अडकवली. शिलाईच्या मशीनचं तेल सोडलं. खाली खटका ज्या कडीत अडकतो ती कडी झिजून खाली बसली होती. तिच्याखाली डब्याच्या झाकणाची चकती कापून घातली आणि कडी तेवढी वर घेतली. झाकण एकदम आपटायचं नाही, एवढी अक्कल त्याला होती. आत अडकलं तर उघडायचं कसं? त्यानं आधी स्क्रूड्रायव्हरनंच खटका दाबून पाहिला. टच्. किल्लीनं सोडला. पुन्हा दाबला. टच्. एवढा वेळ त्याला देवमनची आठवणही झाली नव्हती. घासलेट आणि तेल सासूच्या घरातलं, चकती उकिरड्यावरच्या डब्याची. मिस्तरी म्हने लॉक बदला.

मग त्याचं लक्ष ताटाकडे गेलं.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि ताट उचललं. जड. शंकाच नको, चांगलं पावशेर जड. ज्या हातानं कारंज्याच्या बाजारात कधी चूक केली नाही तो हात सांगत होता. त्यानं ताट पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. आता अर्धा शेर वाटलं. काय घातलं असेल म्हातारीनं? चांदीचा दिवा? त्याची बोटं गाठीकडे गेली. गाठ सुटली. खण बाजूला झाला. आत अनारसे, पितळी दिवा, सुपारी, खारका. तो अनारसे बाजूला सारून तळ चाचपू लागला.

"जड लागलं का जी?"

मागं सोजरबाई उभी होती, हातात चहाची कपबशी.

म्हातारीनं कपबशी गाडीच्या टपावर ठेवली, ताट त्याच्या हातातून घेतलं आणि ओसरीकडे चालू लागली. तो मागोमाग गेला, दुसरं काय करणार? ओसरीच्या आढ्याला कापूस जोखायचा मोठा तराजू टांगलेला होता. वेचणीच्या दिवसांत बायांचा कापूस त्यावरच जोखायचे. सोजरबाईनं एका पारड्यात देवमनचं ताट ठेवलं आणि दुसऱ्यात कोनाड्यातलं नानाजीचं, बांधलेलं तसंच. सुटलेला खणही आठवणीनं वर ठेवला.

"तुमी मापारी," ती म्हणाली. "तुमीच पाहा."

दांडी थोडी हलली, स्थिर झाली. काटा मधोमध उभा राहिला.

नानाजी काट्याकडे पाहत राहिला. आपला हात चुकला यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

"रागावू नका जवाई," सोजरबाई हळू आवाजात बोलली, आतली माणसं उठू नयेत म्हणून. "तुमच्यासाठी जरा जास्तच घालावं असं होतं माह्या मनात. थोरले तुमी. पण तुळसानंच सांगतलं. आई, दोनी ताटं जोखून सारखीच दे म्हने. कमीजास्त झालं तं वर्सभर मलेच आयका लागते."

तिनं देवमनच्या ताटाचा खण पुन्हा नीट बांधला, आधीसारखीच गाठ मारली आणि ताट नेऊन डिक्कीत ठेवलं. जाताना म्हणाली, "चहा थंडा होईन."

देवमन जांभया देत बाहेर आला. नानाजीनं झाकण लावून दाखवलं. टच्. देवमननं किल्ली फिरवली, उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, आणि हाका मारून सगळ्यांना गोळा केलं. पुंजाजी तर मोठ्यानं हसला, सगळे दात दाखवून, आणि ते हसू या वेळी नानाजीसाठी होतं. या हसण्यासाठी तो किती वर्षं झुरला होता. आता मिळालं, तर त्याला मान वर करवेना.

"आतां मी तुमाले एसटीनं जाऊ देत नाई," देवमन म्हणाला. "पार कारंज्यापर्यंत सोडून देतो."

शेलूबाजार आलं, मागं पडलं. देवमननं स्वतःच्या घरापाशी गाडी थांबवलीसुद्धा नाही. खड्ड्याखड्ड्याला तो मागं वळून म्हणायचा, "पाहा, साडभाऊ, झाकण हालत नाई." लिलाबाई हसायची. तुळसाबाई खिडकीबाहेर पाहत होती. आणि नानाजी? लाजेनं तो अर्धा झाला होता, हे खरं. पण समोरून येणारी एक लॉरी ओलांडेपर्यंत त्याच्या मनात वेगळंच काही डोकं वर काढू लागलं. सारखंच? थोरला जावई आणि धाकटा जावई सारखेच? मग थोरला म्हणायचं तरी कशाला? त्यानं स्वतःलाच दटावलं. ते दबलं, आणि पुढच्या खड्ड्याला पुन्हा वर आलं.

घरी पोचल्यावर तुळसाबाईनं देवापुढं दिवा लावला, ताट ठेवलं आणि म्हणाली, "सोडा गाठ."

"तूच सोड," नानाजी म्हणाला. "आईनं सांगतलं मले. तू जोखायले लावलं म्हून."

तुळसाबाईचे हात गाठीवर थांबले. आईनं हे कधी सांगितलं, कशावरून सांगितलं, काही तिनं विचारलं नाही. त्या दुपारी गाडीपाशी काय झालं असेल ते तिला न सांगता समजलं असावं, इतकी वर्षं तिनं त्याच्यासोबत काढली होती. तिनं सावकाश गाठ सोडली, खण उचलला. अनारसे, पितळी दिवा, सुपारी, खारका.

"मंग?" ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली. "पुरलं ना आतां तुमाले?"

तिला हवं होतं ते फक्त एक हो. नानाजीलाही ते कळत होतं, आणि द्यावंसंही वाटत होतं. तो ताटाकडे पाहत बसला. हो म्हणणं काही त्याला जमलं नाही.